हिरवा कोणी ठरवला

माझ्या नणंदेला घाबरायला कारण लागत नसे. फोन वाजला की आधी त्या देवाचं नाव घ्यायच्या आणि मग हात फोनकडे जायचा. बेल जरा जोरात वाजली की म्हणायच्या, "नक्की काहीतरी झालंय," आणि दारात बिचारा दूधवाला उभा असायचा. रस्ता ओलांडताना माझं मनगट असं धरायच्या की घरी आल्यावरही बोटांचे वळ दिसायचे. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांना लाडानं भागूबाई म्हणायचा. भित्री भागूबाई. त्यावर सगळ्यांच्या आधी त्याच हसायच्या. "अरे, घरात एक घाबरणारं माणूस असावं," म्हणायच्या, "म्हणजे बाकीचे निवांत घोरतात."

मी त्यांना ताई म्हणायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायच्या, आणि जवळच्या एका शाळेच्या कार्यालयात कारकून होत्या. दाखले, हजेरी, खडूंचे खोके, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या, सगळं फिरून फिरून त्यांच्या टेबलाशी यायचं. मधल्या सुट्टीत तिथे एक मुलगीही यायची. पाचवीतली, पण अंगानं इतकीशी की सगळी शाळा तिला मुंगी म्हणायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मैदानावर मागून चेंडू येतो, मागून कोणी धावत येऊन आदळतं, आणि हिला आधी काही कळत नाही. त्यामुळे ती कायम कशाला तरी पाठ टेकून असायची. ताईंच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाशी तिची जागा ठरलेली होती. तिथे बसून ती डबा खायची आणि दोघींच्या हातवाऱ्यांनी गप्पा चालायच्या. त्यातले निम्मे हातवारे शाळेत शिकवलेले, निम्मे या दोघींनी आपापसात जमवलेले.

त्या वर्षी शाळेनं सगळ्या मुलांना गावाबाहेरच्या डोंगरावर चढायला न्यायचं ठरवलं. मुख्याध्यापिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, सगळं झोकात करायची हौस होती. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "मुलं एका रंगात दिसली पाहिजेत. टी-शर्ट छापून घ्या. तुमच्यावर सोपवते."

ताई घरी आल्या त्या डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितल्यासारख्या. चहाला हात लावेनात.

"अगं, शंभर गोष्टी चुकू शकतात यात," त्या मला म्हणाल्या.

"मग नव्व्याण्णव घरीच चुकवून घे," नवरा म्हणाला. "तिकडे एकच उरेल."

शेवटी मी त्यांच्याबरोबर गेले. छापणाऱ्याचं दुकान एका अरुंद बोळात होतं. पुढे काउंटर, आणि मागच्या लांबट खोलीत भिंतीला टेकवलेल्या जाळीच्या चौकटी, म्हणजे छपाईच्या स्क्रीन, लाकडी फळ्यांवर वाळत घातलेले शर्ट, आणि शाईचा असा उग्र वास की डोळ्यांना पाणी यावं. दुकानदार चांगला जाडजूड होता आणि त्याच्या दहाही बोटांची नखं वेगवेगळ्या रंगांची होती. आम्ही आपसात त्याला रंगारी म्हणायला लागलो.

"बाई, एकदा स्क्रीन तयार झाली की ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलायचं नाही," त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. हे ऐकायला नको होतं. ताईंची त्या रात्रीची झोप तिथेच गेली.

मोठ्या बाईंनी पाठीवर छापायला ओळ दिली होती, 'पाऊल पुढे, नजर वर'. रंगाऱ्यानं कागदावर नमुना काढला तर त्यात 'पाउल'.

"हा ऊ दीर्घ हवा," ताई म्हणाल्या.

"शर्टावर कोण ऱ्हस्व-दीर्घ बघतंय, बाई?"

"मी बघतेय. आणि माझ्यामागे शाळाभरचे आई-बाप बघतील."

त्यानं मुकाट्यानं दुरुस्त केलं. ताईंनी तो कागद उजेडाकडे धरून वाचला, उलटा करून वाचला, मला वाचायला लावला, आणि दुकानात आलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकालाही वाचायला लावला. मग साइज. कुणाला घट्ट, कुणाला ढगळ होऊ नये म्हणून त्यांनी वर्गावर्गात जाऊन टेपनं मुलांच्या छात्या मोजल्या. मुलांना गुदगुल्या व्हायच्या आणि ती वर्ग डोक्यावर घ्यायची. मुंगी तर टेप लागायच्या आधीच खिदळत सुटली.

राहिला रंग. मोठ्या बाईंचं एवढंच म्हणणं होतं की डोंगराला शोभेल असा हवा. रंगाऱ्यानं कापडाचे तुकडे दिले. मला त्यातला नारिंगी फार आवडला. पण ताईंनी सगळे तुकडे बाल्कनीत मांडले, कुंडीतली माती पाण्यात कालवली आणि एकेका तुकड्यावर बोटानं चोळली. पांढऱ्याचं तर काही विचारूच नका. आकाशी गेला. नारिंगीवर डाग असा उठून दिसला की ताईंनी डोळेच मिटले. गर्द हिरव्यावर मात्र माती कुठे लागली तेही कळेना.

"हाच," ताई म्हणाल्या. "आयांना तक्रारीला जागाच नको."

तेव्हा मलाही वाटलं, किती बारीक विचार करतात ताई.

गठ्ठे आले तेव्हा आणखी एक घोटाळा निघाला. मोठ्या मापांत हिरवा संपला म्हणून रंगाऱ्यानं शिक्षकांचे आणि मदतीला येणाऱ्या पालकांचे शर्ट पिवळे छापून दिले होते. लिंबासारखे पिवळेधमक. ताई गठ्ठ्यावरच बसल्या. "आता माझं काही खरं नाही," म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मात्र शर्ट उलगडून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं झालं की. मोठी माणसं वेगळी कळतील." एवढ्यावर निभावलं.

डोंगरावर जायला ताई तयार नव्हत्या. उंचीची धास्ती इतकी की स्टुलावर चढून जळमटंसुद्धा त्या काढायच्या नाहीत. पण माणसं कमी पडत होती. मी मदतनीस म्हणून येते म्हटल्यावर त्या कशाबशा 'हो' म्हणाल्या.

सकाळी पायथ्याशी बसमधून मुलं उतरली आणि मला खरंच भरून आलं. सगळी कशी एका रंगात, कोरी करकरीत. रांगा झाल्या, पीटीच्या सरांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही चढायला लागलो. वाट आधी रुंद होती, मग झुडपं दोन्हीकडून अंगावर यायला लागली. मी मागे वळून पाहिलं तर माझ्या मागची मुलं दिसेनात. आवाज येत होते, हसणं येत होतं, पण नजरेला नुसती पानं. मग एक पान हललं आणि त्यातून एक चेहरा निघाला. मला तेव्हा गंमत वाटली. ताईंना नाही वाटली. त्या जागच्या जागी थांबल्या होत्या आणि तोंडाचा रंग उडाला होता.

"मुलं दिसत नाहीत गं," त्या हळूच म्हणाल्या.

"आहेत की, ताई. ऐकू येतायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय ते तेव्हा उमगलं नाही.

वर पठारावर पोचल्यावर वर्गवार मोजणी झाली. पाचवीत एक कमी. पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. कोण ते ताईंनी न विचारताच ओळखलं होतं. मुंगीच्या पुढच्या मुलीनं रडत रडत सांगितलं, "ती बूट बांधायला थांबली होती. मला वाटलं, मागून येतेय."

नंतर आम्हाला कळलं ते असं. तिनं नाडी बांधली, मान वर केली, तर समोर कुणी नव्हतं. बाकीच्यांना अशा वेळी पुढच्यांचा गलका ऐकू येतो. तिच्यासाठी सगळी शाळा एका क्षणात झाडांत विरघळून गेली. पुढे वाट फुटत होती, आणि ती चुकीच्या फाट्याला लागली.

पीटीचे सर वाटेवर धावले आणि जोरजोरात शिट्टी फुंकायला लागले. दोन शिक्षक हाका मारत सुटले. मीसुद्धा तिच्या नावानं ओरडत होते, घसा फुटेस्तोवर. आणि मग मध्येच सगळे एकदम गप्प झाले. कुणाला हाका मारतोय आपण? ती शांतता मी अजून विसरले नाही. मधूनच वारा यायचा आणि अख्खा उतार हलायचा. दर वेळी वाटायचं, तो बघा शर्ट! धावत जावं तर झुडूप. पुन्हा तो बघा, पुन्हा झुडूप. हिरव्यात हिरवं शोधायचं तरी कसं?

ताई एका दगडाला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता यांनाच सांभाळावं लागणार. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी ती ढकलली.

"ती चालत नसणार," त्या म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. "घाबरल्यावर ती चालत नाही. पाठ टेकायला काहीतरी शोधते. सर, इथे भिंत कुठे आहे? भिंत, कडा, काहीही. पाठ टेकता येईल असं?"

पीटीच्या सरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा पडला. "पलीकडे जुनी दगडाची खाण आहे," ते म्हणाले. "पण तिच्यात पाणी आहे."

आम्ही खाणीकडच्या फाट्यानं निघालो, सर, वाट दाखवायला बरोबर घेतलेला डोंगरवाटांची देखभाल करणारा एक माणूस, ताई आणि मी. त्या माणसाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. त्या दोराकडे माझी नजर सारखी जात होती आणि जाऊ नये असं वाटत होतं.

खाण म्हणजे डोंगराला पाडलेलं मोठं भगदाड. तीन बाजूंना उभे तांबडे कडे, आणि खाली काळं, न हलणारं पाणी. पलीकडच्या कड्याच्या मध्यावर मला हिरवं काहीतरी दिसलं. मी म्हटलं, दगडात उगवलेलं झुडूपच असणार. पण त्या झुडपाला पांढरे मोजे होते.

ती एका अरुंद कपारीवर बसली होती. पाठ दगडाला चिकटवलेली, गुडघे पोटाशी. वरून घसरत तिथवर आली असावी. पाय ठेवायला तिच्यापुढे वीतभर जागा होती.

सर धावायला लागले तसं ताईंनी त्यांचा दंड पकडला. इतक्या जोरात की ते कळवळले.

"वरून जाल तर दगड सुटतील. तिला कळणार नाही कोण येतंय. ती दचकेल, उठेल," ताई म्हणाल्या. "आधी तिला मी दिसले पाहिजे. मी सांगेपर्यंत खाली उतरू नका."

आणि ज्या बाई स्टुलावर चढत नव्हत्या त्या खाणीच्या काठाकडे निघाल्या. अलीकडच्या बाजूला एक सुळका पाण्यावर पुढे आला होता, मुंगीच्या अगदी समोर. ताई आधी उभ्यानं गेल्या, मग वाकून, मग हातांवर आणि गुडघ्यांवर. टोकाला पोचल्यावर त्या उभ्या राहिल्या. मी मागे बसून, एका झाडाच्या मुळाला पाय अडकवून, त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता.

त्यांनी हात वर करून हलवले. त्यांच्या शर्टाचा पिवळा रंग समोरून दिसलाच असणार, कारण सरांनी नंतर सांगितलं, मुंगीनं मान वर केली आणि ती पहिल्यांदा हलली. ती उठायला लागली होती. ताईंकडे यायला.

ताईंनी तळहात खाली दाबला. बस. पुन्हा दाबला. मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली. माझ्याकडे बघ.

मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ कापत होती. नुसती थरथर नव्हे, ताप चढल्यावर माणूस हुडहुडतं तशी. घामानं शर्ट भिजून माझ्या मुठींत चिकटला होता. त्यांच्या पायाखालचा एक खडा सुटून खाली गेला आणि पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत इतका वेळ लागला की मला भोवळ आली. मी मनात एकच घोकत होते, हात सोडू नकोस, हात सोडू नकोस. त्या पडल्या असत्या तर मीही गेले असते, हे मला पक्कं माहीत होतं. घरी माझा मुलगा त्याच्या शाळेतून येऊन दार वाजवेल, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येत होतं.

पलीकडून तो दोरवाला आणि सर वर पोचले. ताईंनी मुंगीला काय काय सांगितलं ते मला मागून कळत नव्हतं, हात मात्र सारखे चालू होते. बोलत होत्या त्या तिच्याशी. कपाटाशी बसून बोलायच्या तशा, सावकाश. मधूनच त्यांनी पोटावर हात फिरवून भूक लागल्याची खूण केली. मग एक बोट वर दाखवलं, दोन बोटांनी माणूस चालवला, आणि पुन्हा तळहात दाबला. तुझ्यामागून कुणीतरी येतंय. आपलं माणूस आहे. हलू नकोस.

ताईंनी सरांना हातानं खूण केली, तसा दोर खाली आला. सर उतरले. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली नाही.

तिला वर ओढून घेतलं आणि पलीकडून सरांनी हात हलवला, तशा ताई मटकन खाली बसल्या. मी त्यांना मागे ओढत ओढत आणलं. झाडाखाली आल्यावर त्यांना भडभडून उलटी झाली. मग दात वाजायला लागले. माझ्या मुठी उघडत नव्हत्या, बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मुंगीला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. सरांच्या कडेवरून उतरून ती थेट ताईंच्या कुशीत शिरली आणि त्यांच्या खिशातला रुमाल काढून त्यांचंच तोंड पुसायला लागली.

पायथ्याशी, निरोप मिळून आलेले तिचे वडील उभे होते. गॅरेजमध्ये काम करणारा माणूस, हातावरचं तेल पुसायचंही भान नव्हतं. त्यांनी लेकीला उचललं, तिच्या हातापायांवरून हात फिरवला आणि मग सगळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात बाकीची मुलं झाडांतून खाली उतरत होती. ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"हा हिरवा कोणी ठरवला?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाई जमिनीकडे बघत होत्या. पीटीचे सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. ताई सांगणार नाहीत असं मला वाटलं. सांगू नये असंही वाटलं, खरं तर. आज त्यांनी जे केलं ते पुरे होतं.

"मी," ताई म्हणाल्या.

"जंगलात न्यायची मुलं, आणि हिरवा?"

"मातीचे डाग दिसू नयेत म्हणून. दुसरं काही डोक्यातच आलं नाही माझ्या." त्या रडत नव्हत्या. "तुम्हाला काय बोलायचं ते बोला. चूक माझीच आहे."

मला भीती वाटली की हा माणूस हात उचलतो की काय. त्यांच्या मानेच्या शिरा टरटरल्या होत्या. पण मुंगीनं वडिलांची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली आणि हातांनी काहीतरी सांगायला लागली, भराभरा, मध्येच ताईंकडे बोट दाखवत. ते बघत राहिले. मग तिथेच, बसच्या पायरीवर, डोकं धरून बसले. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि ताईंनाही त्यांची अपेक्षा नव्हती.

नंतर शाळेत ताईंचा सत्कार करायचं घाटत होतं, तर त्या आजारपणाची रजा टाकून घरी बसल्या. पुढच्या वर्षी सहलीच्या वेळी मोठ्या बाईंनी रंग विचारायला स्वतः ताईंच्या खोलीत पाय ठेवला. ताई म्हणाल्या, "नारिंगी. डाग पडू देत." मुंगी पुढे दुसऱ्या गावी शिकायला गेली. सुट्टीत आली की येते, उंचीनं आता ताईंच्या डोक्यावरून गेली आहे.

एवढं सगळं झाल्यावर ताईंची भीती तरी गेली असेल, असं लोक मला विचारतात. कसली जाते! उलट वाढली. बाल्कनीच्या कठड्याशी कुणी उभं राहिलं की त्या आतून ओरडतात. नवरा मात्र आता भागूबाई म्हणत नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "ताई, सर सांगतात, तुम्ही तेव्हा सगळा वेळ हसत होतात. मला मागून काय थरथर कळत होती, आणि पुढून हसू! जमलं कसं?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"तिच्या डोक्यावरचा कडा सुटत होता," त्या म्हणाल्या. "सर उतरत होते ना, तेव्हा. बारीक बारीक माती पडत होती, तिच्या अगदी शेजारी. एक मोठा धोंडा हलत होता. तुला दिसला नसेल, तू माझ्या मागे होतीस. सरांना वरून दिसत नव्हता. तिला तर कळायचं कारणच नव्हतं. एकट्या मलाच दिसत होता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? ओरडले असते तर सर अर्ध्यात थांबले असते आणि ती तशीच धोंड्याखाली राहिली असती. आणि माझं तोंड जरा जरी बदललं असतं ना, तर तिनं मागे वळून पाहिलं असतं, आणि तेवढ्यानं तोल गेला असता."

त्यांनी भाजीचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"धोंडा पडला नाही," त्या म्हणाल्या. "पण मला तो रोज दिसतो."